मामांच्या भट्टीवरचं २९० मिलिलिटर आम्ल

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी 'गलाईला' गेलेलं असतं. गलाई म्हणजे सराफांकडे जमलेली मोड, म्हणजे जुने, तुटके डागिने, गाळून त्यातून चोख सोनं काढून द्यायचं काम. पाऊस नाही, शेती बेभरवशाची, म्हणून विट्याच्या आसपासची माणसं हा धंदा घेऊन देशभर पसरली. तमिळनाडूत किंवा पंजाबात सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात शिरलात आणि आतून 'आरं, तो चिमटा दे की' असं ऐकू आलं, तर दचकू नका.

माझे मामा असेच तमिळनाडूतल्या एका शहरात. बारावीची परीक्षा संपवून मी महिनाभर त्यांच्याकडे गेलो होतो. आता मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि धातू-आम्लाच्या अभिक्रियांचा धडा आला की दरवर्षी मुलांपुढे हेच प्रकरण मांडतो, कारण यातला चुकलेला हिशोब माझा स्वतःचा आहे.

लॉट होता ५० ग्रॅम मोडीचा, २२ कॅरेट. म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. ५० ग्रॅममध्ये ४५.८ ग्रॅम सोनं आणि ४.२ ग्रॅम इतर धातू, मुख्यतः तांबं आणि थोडी चांदी. काम एवढंच की ते ४.२ ग्रॅम बाहेर काढायचे.

पहिल्याच पायरीला माझं डोकं फिरलं. मामा म्हणाले, "आता ह्यात आणखी तांबं घालायचं." जे काढायचं, तेच आणखी घालायचं? पण कारण पक्कं आहे. २२ कॅरेटचा तुकडा तसाच नायट्रिक आम्लात टाकला तर फारसं काही होत नाही. तांब्याचे अणू सोन्याच्या अणूंच्या गराड्यात असतात. पृष्ठभागावरचे थोडे विरघळतात आणि आतल्यांपर्यंत आम्ल पोचतच नाही. म्हणून आधी सोन्याचं प्रमाण पातळ करून साधारण चौथाईवर आणायचं. मग तांबं विरघळताना मागे बारीक भोकं राहतात, त्या वाटेने आम्ल आत शिरतं आणि शेवटी सोन्याचा तपकिरी, सच्छिद्र सांगाडा उरतो. सोनं चौथाईपेक्षा फारच कमी झालं तर सांगाडा टिकत नाही, त्याचं पीठ होतं आणि ते धुताना वाहून जायची भीती. चौथाई हा मधला मुक्काम.

४५.८ ची चौपट १८३.२. हातात ५० ग्रॅम. म्हणजे १३३.२ ग्रॅम भर घालायची. एरवी मामा भर चांदीची घालत, कारण तीच चांदी नंतर द्रावणातून परत मिळते आणि पुढच्या लॉटला वापरता येते. पण त्या आठवड्यात चांदी दुसऱ्या कामात अडकून पडली होती, म्हणून तांब्याच्या तारा घेतल्या. मुशीत सगळं एकत्र वितळवलं, सवागी म्हणजे टाकणखार टाकला, आणि रस पाण्याच्या बादलीत बारीक धारेने ओतून दाणे पाडले. दाणे पाडायचे ते पृष्ठभाग वाढवण्यासाठी.

आता आम्ल. मामांनी मला विचारलं, "बारावीला केमिस्ट्री हाय न्हवं? सांग किती लागंल."

हा प्रश्न मला आयुष्यात मिळालेला पहिला खरा रसायनशास्त्राचा प्रश्न. मी कागद घेतला. शाळेपासून पाठ असलेलं वाक्य: धातू आणि आम्ल यांपासून क्षार आणि हायड्रोजन. जस्ताच्या तुकड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून, जळती काडी धरून 'टप्प' आवाज काढलेला. त्याच साच्यात मी तांबं बसवलं. तांब्याचा १ मोल (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरलेलं माप), नायट्रिक आम्लाचे २ मोल, त्यापासून कॉपर नायट्रेटचा १ मोल आणि हायड्रोजनचा १ मोल. समीकरण दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळलं. सोनं सोडून उरलेला सगळा धातू तांबंच धरला तर तो १३७.४ ग्रॅम. भागिले ६३.५ (एका मोल तांब्याचे ग्रॅम), म्हणजे २.१६ मोल. दुप्पट आम्ल, ४.३३ मोल. बाजारातल्या संहत, म्हणजे पाणी घालून पातळ न केलेल्या, नायट्रिक आम्लाच्या लिटरमध्ये सुमारे १५ मोल असतात. उत्तर: २९० मिलिलिटर.

मामांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बरं. घाल तेवढंच."

त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला कळलं संध्याकाळी.

पाण्यात निम्मंनिम्म केलेलं आम्ल दाण्यांवर ओतलं. मिनिटभर काहीच नाही. दाण्यांवर चार बुडबुडे, बस. मी काही म्हणणार, एवढ्यात भांडं उसळलं. या अभिक्रियेची ही खोडच आहे: तिच्यातून तयार होणारं नायट्रस आम्ल तिलाच वेग देतं, त्यामुळे ती आधी गप्प असते आणि मग एकदम पेटते. भांड्यातून विटकरी-लाल धूर उठला आणि मामांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. भांडं चिमणीच्या झडपेखाली होतं, तरीही. तो धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा. त्याची वाईट गोष्ट अशी की तो छातीत गेला तरी माणूस त्या क्षणी थोडं खोकतो आणि कामाला लागतो. फुफ्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागतात. रात्री घरी गेल्यावर दम कोंडतो. हे वाचून कुणी घरच्या मोरीत प्रयोग करणार असेल, तर करू नये.

द्रावण आधी हिरवट, मग निळं झालं. धूर विरत गेला. गरम केलं, आणखी थोडा धूर आला, मग तोही थांबला. मी खूश. निळं पाणी निथळून बाजूला ठेवलं. मामांनी तळाचे दाणे धुऊन, वाळवून काट्यावर ठेवले.

९७ ग्रॅम.

असायला हवे होते ४५.८. मी आधी काटा तपासला, मग वाळवणं. दाणे अजून ओले असतील म्हणून पुन्हा तापवले. ९७ च. मामांनी एक दाणा ऐरणीवर ठेवून छिन्नीने तोडला. बाहेरून तपकिरी, आत लालसर तांब्याचा गाभा. आम्ल बाहेरून आत खात गेलं होतं आणि अर्ध्या वाटेत संपलं होतं.

इथे दोन प्रश्न आहेत आणि मुलं नेहमी पहिल्यावरच थांबतात. पहिला: माझं समीकरण चुकलं कुठे? दुसरा: ९७ हाच आकडा का, ८० किंवा १२० का नाही? दुसऱ्याचं उत्तर जास्त मजेशीर आहे, पण वाट पहिल्यातूनच जाते.

धातू विरघळतो म्हणजे काय होतं? त्याचा अणू इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू, होऊन पाण्यात जातो. सोडलेले इलेक्ट्रॉन कुणीतरी घ्यायला हवेत. घेणारा नसेल तर धातू विरघळत नाही, आम्ल कितीही असो. शाळेतल्या सूत्रात घेणारा एकच गृहीत धरलेला असतो, आम्लातला हायड्रोजन आयन. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि हायड्रोजन वायू होऊन निघून जातो. जस्ताच्या बाबतीत हे ठीक आहे. इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची ताकद व्होल्टमध्ये मांडणारा प्रमाण विभवांचा तक्ता असतो; आकडा जितका वर तितकी ओढ जास्त. त्यात हायड्रोजन शून्यावर, जस्त उणे ०.७६ व्होल्टवर. जस्ताकडून इलेक्ट्रॉन काढून घेण्याची ताकद हायड्रोजन आयनात आहे. तांबं मात्र अधिक ०.३४ वर. हायड्रोजन आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेऊ शकत नाही. म्हणजे माझ्या समीकरणातला हायड्रोजन निघणं शक्यच नव्हतं. समीकरण जुळतं याचा अर्थ फक्त अणूंची बेरीज जुळते एवढाच. ते घडतं असा त्याचा अर्थ मुळीच नाही. ही गोष्ट मी बारावीपर्यंत कधी कुणाकडून ऐकलेली नव्हती, किंवा ऐकून सोडून दिली होती.

थोडं विषयांतर. आजी तांब्याचा हंडा चिंचेने घासायची आणि तो लखलखायचा, तेव्हा आम्ल तांब्याला खातं असंच मला वाटायचं. चिंच तांब्याला खात नाही, ती वरच्या काळ्या ऑक्साइडला खाते. तिथे इलेक्ट्रॉनची देवाणघेवाणच नाही. ऑक्साइडमधलं तांबं आधीच इलेक्ट्रॉन देऊन बसलेलं असतं, आम्ल फक्त त्याला विरघळवून नेतं. मग ताक तांब्याच्या भांड्यात ठेवलं तर का कळकतं? कारण तिथे तिसरा भिडू आहे, हवेतला ऑक्सिजन. आम्ल सोबत असताना तो इलेक्ट्रॉन घ्यायला चांगलाच तयार असतो, फक्त संथ. हायड्रोजन आयनाला जे जमत नाही ते ऑक्सिजन सावकाश करून टाकतो. म्हणून तर पूर्वी भांड्यांना आतून कथलाची कल्हई करत.

तर मामांच्या भांड्यात घेणारा कोण होता? नायट्रेट. नायट्रिक आम्लातला हायड्रोजन आयन नव्हे, तर दुसरा अर्धा भाग, ज्याला मी माझ्या समीकरणात नुसता क्षारातला प्रवासी समजलो होतो. आम्लधर्मी द्रावणात नायट्रेटचं नायट्रिक ऑक्साइड होण्याचा विभव अधिक ०.९६, नायट्रोजन डायऑक्साइड होण्याचा अधिक ०.८० च्या आसपास. दोन्ही तांब्याच्या ०.३४ पेक्षा भरपूर वर. नायट्रेट हजर असताना हायड्रोजन आयनाचा नंबरच लागत नाही. जस्तासारख्या धातूच्या बाबतीतही, ज्याच्याकडून दोघांनाही इलेक्ट्रॉन घेता येतात, नायट्रेटच आधी पुढे येतं. म्हणून नायट्रिक आम्लातून सहसा हायड्रोजन मिळत नाही. अगदी विरल थंड आम्लात मॅग्नेशियम टाकलं तर मिळतो, तो अपवाद म्हणून प्रत्येक पुस्तकात असतो.

आता हिशोबाची खरी गोम. नायट्रिक आम्ल इथे दोन कामं करतं आणि दोन्हींत खर्च होतं. एक, क्षार बनण्यासाठी: तांब्याच्या प्रत्येक मोलमागे २ मोल नायट्रेट कॉपर नायट्रेटमध्ये जाऊन बसतं. दोन, इलेक्ट्रॉन घेण्यासाठी: ते नायट्रेट मोडतं आणि वायू होऊन उडून जातं. माझ्या सूत्राने फक्त पहिला खर्च धरला होता. दुसरा खर्च चिमणीतून लाल रंगात जाताना मी डोळ्यांनी पाहत होतो, पण कागदावर त्याची नोंद नव्हती.

दुसरा खर्च किती, हे नायट्रेट काय बनतं यावर ठरतं. तांब्याचा १ मोल २ मोल इलेक्ट्रॉन देतो. नायट्रेटचं नायट्रोजन डायऑक्साइड होताना १ इलेक्ट्रॉन घेतला जातो, म्हणजे २ मोल इलेक्ट्रॉन संपवायला २ मोल नायट्रेट लागेल. क्षाराचे २ मिळवून एकूण ४. हे संहत आम्लाचं समीकरण: १ तांबं, ४ नायट्रिक आम्ल, त्यापासून १ कॉपर नायट्रेट, २ नायट्रोजन डायऑक्साइड, २ पाणी. नायट्रिक ऑक्साइड होताना मात्र ३ इलेक्ट्रॉन घेतले जातात, म्हणजे २ मोल इलेक्ट्रॉनना दोन तृतीयांश मोल नायट्रेट पुरतं. एकूण २.६७. हे विरल आम्लाचं: ३ तांबं, ८ नायट्रिक आम्ल, त्यापासून ३ कॉपर नायट्रेट, २ नायट्रिक ऑक्साइड, ४ पाणी. ही दोन समीकरणं मी परीक्षेत लिहून आलो होतो. पाठ होती. मामांनी विचारलं तेव्हा आठवली नाहीत, कारण मला ती 'नायट्रिक आम्लाचे गुणधर्म' या शीर्षकाखाली माहीत होती, आणि प्रश्न 'किती लागंल' असा होता.

संहत आम्लात एक आणि विरल आम्लात दुसरं असं का, याला मुलं 'नियम आहे' म्हणतात. नियम वगैरे काही नाही. नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रिक आम्ल यांपासून नायट्रोजन डायऑक्साइड आणि पाणी, ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. आम्ल भरपूर आणि पाणी कमी असेल तर आम्ल नायट्रिक ऑक्साइडला पुढे ढकलून डायऑक्साइड करतं. पाणी भरपूर असेल तर उलट, डायऑक्साइड पाण्यात विरघळून नायट्रिक आम्ल आणि नायट्रिक ऑक्साइड देतो. मधल्या प्रमाणात दोन्ही निघतात. आणि अभिक्रिया चालू असताना आम्ल विरल होतच जातं, त्यामुळे एकाच भांड्यात सकाळी एक समीकरण खरं असतं आणि दुपारी दुसरं.

आता ९७ ग्रॅमकडे येऊ. एकूण दाणे १८३.२ ग्रॅम, उरले ९७, म्हणजे ८६.२ ग्रॅम विरघळलं. तांबं धरून १.३६ मोल. खर्च झालेलं आम्ल २९० मिलिलिटर, म्हणजे ४.३५ मोल. भागाकार ३.२. एका मोल तांब्याला ३.२ मोल आम्ल. २ नाही, ४ नाही, २.६७ ही नाही. दोन्ही समीकरणांच्या बरोबर मधे कुठेतरी.

३.२ मधून क्षाराचे २ वजा केले की १.२ मोल नायट्रेट वायू होऊन गेलं. त्याने एकूण २ मोल इलेक्ट्रॉन घेतले. १ इलेक्ट्रॉन घेणारे किती आणि ३ घेणारे किती, हे दोन अज्ञातांचं सातवी-आठवीचं गणित: ०.८ मोल डायऑक्साइड, ०.४ मोल नायट्रिक ऑक्साइड. म्हणजे भांड्यातून निघालेल्या वायूतला साधारण दोन तृतीयांश लाल आणि एक तृतीयांश रंगहीन. डोळ्याला मात्र सगळाच लाल दिसला, कारण नायट्रिक ऑक्साइड भांड्याच्या तोंडाशी येताच हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून डायऑक्साइड होतो. धुराच्या रंगावरून समीकरण ठरवायला गेलात तर फसाल. काट्यावरून ठरवलं तर बऱ्यापैकी जवळ जाल. बऱ्यापैकीच, कारण शेवटी थोडं आम्ल इतकं विरल होऊन उरतं की त्याचा काम करण्याचा वेग संपतो, आणि थोडं गरम करताना वाफेबरोबर जातं. ते खर्चात धरलं गेलं, म्हणून खरा आकडा ३.२ पेक्षा थोडा खालीच असणार.

हा भाग मला दरवर्षी नव्याने आवडतो. एका चुकीच्या हिशोबाने आम्ल कमी पडलं, आणि कमी पडलं म्हणूनच किती वायू कोणता निघाला ते मोजता आलं. आम्ल पुरेसं असतं तर ४५.८ ग्रॅम सोनं मिळालं असतं आणि त्यातून रसायनशास्त्राला काहीच मिळालं नसतं.

मामांना यातलं काही लिहिता आलं नसतं, पण त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा कितीतरी बरा होता. त्यांचा ठोकताळा असा: चांदीची भर असेल तर वजनाएवढं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, आणि वर थोडं, तांब्याची असेल तर तिप्पट-चौपट. मी घरी येऊन पडताळून पाहिलं. १३७.४ ग्रॅम चांदी म्हणजे १.२७ मोल. चांदी अणूमागे एकच इलेक्ट्रॉन सोडते, म्हणून संहत आम्लात मोलमागे फक्त २ मोल आम्ल. एकूण १७० मिलिलिटर. तेवढ्याच वजनाच्या तांब्याला संहत समीकरणाने ५७७. गुणोत्तर ३.४. तांब्याचा अणू हलका, म्हणून त्याच वजनात अणू जास्त, आणि प्रत्येक अणू दुप्पट इलेक्ट्रॉन सोडणारा. तिप्पट-चौपट! म्हणजे तांबं चांदीपेक्षा स्वस्त म्हणून घातलं, तरी तिप्पट-चौपट आम्ल आणि तेवढाच जास्त धूर पदरात पडतो. या लॉटमधलं सगळं तांबं डायऑक्साइडच्या वाटेने गेलं असतं तर शंभर लिटरच्या घरात लाल वायू चिमणीतून गेला असता. मामा तांब्याची भर टाळायचे ते आम्लाच्या खर्चापेक्षा शेजाऱ्यांसाठी.

मग सोनं का नाही विरघळलं? त्याचा विभव अधिक १.५०. नायट्रेटचा ०.९६. घेणाऱ्याची ताकद कमी पडते, मामला संपला. पण त्याच नायट्रिक आम्लात तिप्पट हायड्रोक्लोरिक मिसळून अम्लराज केलं की सोनं विरघळतं, आणि इथे बहुतेक विद्यार्थी सांगतात की दोन आम्लं मिळून 'जास्त जोरदार' होतात. मला हे उत्तर पटत नाही. त्याने काहीच कळत नाही. खरी मदत क्लोराइड करतं, आणि ती वेगळ्याच टोकाला. सोन्याचा आयन बाहेर पडला रे पडला की चार क्लोराइड त्याला घेरून स्थिर संयुग आयन करतात. त्यामुळे सोन्याला इलेक्ट्रॉन सोडणं सोपं होतं: विभव १.५० वरून १.०० वर उतरतो. आता ०.९६ आणि १.०० मधलं अंतर किरकोळ. संहत आम्लात ते सहज भरून निघतं. घेणारा फारसा बदललेला नाही, देणाऱ्याची उतरण्याची जागा बदलली. ९ एप्रिल १९४० ला जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरलं तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांची नोबेल पदकं याच वाटेने विरघळवली. नारिंगी द्रावण युद्ध संपेपर्यंत फळीवर राहिलं, कुणी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, आणि पुढे त्यातलं सोनं काढून पदकं पुन्हा ओतली गेली.

मग मामांनी मोड थेट अम्लराजात का टाकली नाही? २२ कॅरेटच्या मालाला ते चालतं आणि हल्ली बरेच गलाईवाले तसंच करतात. पण मोडीत चांदी जास्त असेल तर तेच क्लोराइड चांदीला पकडून सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा थर दाण्यांवर चढवतं आणि आम्ल आत जाईनासं होतं. जो क्लोराइड सोन्याला द्रावणात ओढतो, तोच चांदीला द्रावणातून बाहेर काढतो. नायट्रिकच्या कामात याची छोटी आवृत्ती रोज दिसते: दाणे नळाच्या पाण्याने धुतले की गढूळ दुधी पाणी, कारण नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. मामांना कारण ठाऊक नव्हतं, पण धुवायला ते बाटलीतलं डिस्टिल्ड पाणीच घेत आणि कुणी नळाखाली भांडं धरलं की ओरडत.

धातूंचा असा गप्प बसण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याला नुसता विभवांचा तक्ता पुरत नाही. ॲल्युमिनियमचा विभव उणे १.६६, म्हणजे इलेक्ट्रॉन द्यायला उतावीळ, आणि तरी संहत नायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमच्या टाक्यांत साठवतात आणि वाहून नेतात. पृष्ठभागावर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि व्यवहार तिथेच थांबतो. लोखंडाचंही संहत नायट्रिकमध्ये असंच. विरलमध्ये मात्र तेच लोखंड भसाभसा विरघळतं.

त्या संध्याकाळी मामांनी उरलेल्या ९७ ग्रॅमवर पाव लिटर ताजं आम्ल ओतलं. पुन्हा लाल धूर, पुन्हा निळं पाणी. पहिल्याचे २९० आणि हे २५० मिळून ५४०. विरल समीकरणाच्या ३८५ आणि संहतच्या ५७७ च्या मधे. ते निथळून तिसऱ्यांदा थोडं आम्ल घालून उकळवलं. आता गरम आम्लातही धूर आला नाही. मामांची खूण तीच: ताज्या, गरम तेजाबातून लाल धूर येत नाही म्हणजे देणारा संपला. माझ्या पहिल्या वेळी धूर थांबला होता तो घेणारा संपला म्हणून. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं आणि ताजं आम्ल घातल्याशिवाय फरक कळत नाही. आज प्रयोगशाळेत मुलगा 'अभिक्रिया पूर्ण झाली सर' म्हणाला की मी विचारतो, कोण संपलं?

सांगाडा धुतला, वाळवला, सवागी टाकून मुशीत गाळला. लगड भरली ४५.६ ग्रॅम. ०.२ ग्रॅम घट. सराफाने कसोटीला लावून मान हलवली.

निळं पाणी राहिलं होतं. त्यात आधी मिठाचं पाणी घालून मोडीतली थोडीशी चांदी पांढऱ्या साक्यासारखी खाली बसवली. तांबं परत काढायचं तर द्रावणात भंगार लोखंड टाकायचं: लोखंड विरघळतं, तांबं लालभडक चिखल होऊन सुटं होतं. मामांनी परत विचारलं, "लोखंड किती?"

आता मी शहाणा झालो होतो. देणारा लोखंड, घेणारा तांब्याचा आयन, दोघांचेही दोन-दोन इलेक्ट्रॉन, म्हणून मोलला मोल. २.१६ मोल तांबं, २.१६ मोल लोखंड, १२१ ग्रॅम. थोडं वर धरून मी छातीठोक सांगितलं, सव्वाशे.

मामांनी पातेल्यात बोट न बुडवता वरूनच वास घेतला, कोपऱ्यातल्या डब्यातून जुन्या खिळ्यांच्या दोन मुठी काढल्या, काट्यावर टाकल्या. पाव किलोच्या वर गेल्या. त्यांनी त्या तशाच पातेल्यात सोडल्या. खिळ्यांवर तांबं चढायच्या आधी बुडबुडे आले आणि पातेल्याच्या कडेला हलका लाल धूर दिसला.

"तेजाब उरलंय की त्यात अजून," मामा म्हणाले.